पडदे काढल्यावर सूर कुठे असतो?



गेल्या स्नेहसंमेलनात समूहगीताच्या वेळी बास गिटार बेसूर वाजली, हे आपण सर्वांनी ऐकले. काही जण हसलेही. वाजवणारा आपल्या शाळेचा नववीचा विद्यार्थी दोन वर्षे वाद्यवृंदात चांगली साथ करत होता. त्या दिवसानंतर दोन महिने तो संगीताच्या खोलीकडे फिरकला नाही. चूक कोणाची झाली ते सांगावे आणि त्या निमित्ताने एक पाठही व्हावा, म्हणून हा लेख. आधीच सांगून टाकतो, चूक आमची होती.

झाले असे की एका माजी विद्यार्थ्याने शाळेला पडदे नसलेली, म्हणजे फ्रेटलेस, बास गिटार भेट दिली. नवे वाद्य रंगमंचावर दिसावे या हौसेने आम्ही ते कार्यक्रमाच्या अवघे तीन आठवडे आधी त्या मुलाच्या हातात दिले. "तुला बास येतेच, ही पण येईल," असे आम्हीच म्हणालो. हे म्हणणे किती चुकीचे होते, ते पुढे वाचा.

पडदा काय काम करतो?

सतारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना आपण पडदे म्हणतो. गिटारचे फ्रेट म्हणजे तेच. फरक एवढाच की सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने रागाप्रमाणे सरकवता येतात आणि गिटारचे पक्के बसवलेले असतात. दोन पडद्यांमधल्या जागेला आपण घर म्हणू. बोट घरात कुठेही दाबा, तार टेकते ती पुढच्या पडद्यावर. सूर ठरतो तो पडद्यापासून घोडीपर्यंतच्या तारेच्या लांबीवर. म्हणजे बोट थोडे मागे पडले तरी पडदा ती चूक सांभाळून घेतो.

पडदे नसले की तार बोटाखालीच संपते आणि बोटच पडदा होते. म्हणून ते घराच्या मध्ये ठेवून चालत नाही. जिथे पडदा असायचा, नेमके तिथे ठेवावे लागते.

आता थोडे गणित. नेहमीच्या बास गिटारच्या तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते. पहिले घर जवळजवळ ४.८५ सेंटिमीटर रुंद असते, तर बारावे फक्त २.५७ सेंटिमीटर. घरे क्रमाने लहान होत जातात. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि तिथे वरच्या सप्तकातला तोच सूर मिळतो. मोकळी तार 'सा' धरली, तर पहिल्या पडद्यावर कोमल 'रे' येतो. पण पडदे नसलेल्या वाद्यावर बोट जुन्या सवयीने पहिल्या घराच्या मधोमध ठेवले, तर सूर 'सा' आणि कोमल 'रे' यांच्या जवळजवळ मधोमध पडतो. हा सूर हार्मोनियमच्या कोणत्याच पट्टीत नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच घडत होते. त्याचा कान कच्चा नव्हता. दोन वर्षे ज्या जागेवर बोट ठेवून शाबासकी मिळाली, तिथेच तो ते ठेवत होता.

हे आम्हाला समजायला हवे होते, कारण असा प्रसंग आमच्यावरही आलेला आहे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच सूचनेत आम्ही लिहिले, "पालकांनी मुलांच्या शिक्षेकडे लक्ष द्यावे." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत काय, ते मुलांना चांगलेच ठाऊक आहे! शब्द खोटा नव्हता, जागा बदलली होती. पालक हसले, पण एका ज्येष्ठ शिक्षिकेने नंतर वर्षभर आमची प्रत्येक सूचना लावण्याआधी तपासून दिली. आम्हाला मिळालेले ते वर्ष आम्ही आमच्या विद्यार्थ्याला दिले नाही.

हा प्रश्न नवा नाही

आपल्या रामकोटीच्या त्यागराज शासकीय संगीत व नृत्य महाविद्यालयात वीणाही शिकवतात आणि व्हायोलिनही. सरस्वती वीणेला मेणात बसवलेले २४ पडदे, व्हायोलिनला एकही नाही. राग मात्र दोन्हींवर तेच वाजतात. अफगाणी रबाबाच्या दांडीवर थोडे पडदे असतात. त्याच घराण्यातल्या सरोदाने एकोणिसाव्या शतकात पडदे सोडले आणि दांडीवर धातूचा गुळगुळीत पत्रा घेतला. त्यामुळे लांब मींड निघू लागली. उलट हार्मोनियमचे सूर पक्के असल्याने त्यातून मींड निघत नाही. या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले होते.

बास गिटारची गोष्ट आणखी गमतीची आहे. आधी उभा, मोठा डबल बास होता, त्याला पडदे नव्हते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये पडद्यांची विजेवर चालणारी बास आणली आणि तिचे नावच 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता, असे ठेवले. पडद्यामुळे सूर अचूक लागतो, हेच तिचे वैशिष्ट्य! नंतर काही वादकांना तेच पडदे अडचणीचे वाटू लागले. १९६६ मध्ये अँपेग कंपनीने पडदे नसलेली बास बाजारात आणली. जॅको पास्टोरियस या वादकाने तर आपल्या बासचे पडदे काढून, खाचा बुजवून, लाकडावर नावेला लावतात तसला टणक लेप दिला. १९७६ च्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेनंतर हे वाद्य गळ्यासारखे गाऊ शकते, हे जगाला पटले.

अभ्यास कसा करावा?

१. पहिला महिना फक्त तंबोऱ्याबरोबर वाजवा. बासचे सूर फार खालचे असतात, मोकळ्या जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. इतक्या खाली कानाला सूर नीट कळत नाही, म्हणून सुरुवात वरच्या तारांवर करावी.

२. आधी सूर गा, मग वाजवा. गळ्याला पडदे नसतात, तरी आपण सुरात गातो.

३. मोकळ्या तारेशी सूर ताडून पाहा. जाड तारेवर पाचव्या पडद्याची जागा दाबली की तिच्या शेजारच्या मोकळ्या तारेचाच सूर यायला हवा. दोन्ही एकदम छेडा. आवाजात लाटा उठल्या तर सूर जुळलेला नाही. लाटा थांबल्या की जुळला.

४. आपल्या वाद्यावर पडद्यांच्या जागी रेघा आखलेल्या आहेत. पण वरून तिरपे पाहिल्यावर रेघ सरकलेली भासते. रेघ जागा सांगते, सूर कानानेच ठरवावा.

५. बोट चुकीच्या जागी पडले तर उचलू नका, सरकवून सुरात आणा. चूक ऐकून सुधारणे हाच इथला मुख्य अभ्यास आहे.

६. सपाट वेटोळ्यांच्या गुळगुळीत तारा वापरा. खडबडीत तारांनी दांडीचे लाकूड झिजते.

रोज २० मिनिटे पुरेत, पण रोज. आणि पडद्यांची बास सोडू नका. जलद, ठसठशीत साथीला ती आजही उत्तम आहे. एक वाद्य श्रेष्ठ आणि दुसरे कमी, असे मुळीच नाही.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

या वाद्याला पडदे बसवून घ्यावेत किंवा ते विकून टाकावे, अशी सूचना सभेत आली होती. सूचनेमागे शाळेची काळजीच होती. तरी आमची विनंती आहे की एक वर्ष थांबावे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याला बोलावून संपूर्ण वाद्यवृंदासमोर सांगितले, "घाई आम्ही केली, दोष तुझा नाही." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, शिकतो. पण या वर्षी स्टेजवर नको." आम्ही मान्य केले. या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तो जुनीच बास वाजवील आणि नवीवर फक्त अभ्यास करील.

हल्ली दर शनिवारी शाळा सुटल्यावर संगीताच्या खोलीतून तंबोऱ्याचा आवाज येतो आणि त्यामागे एकच सूर, पुन्हा पुन्हा, सरकत सरकत जागेवर येताना ऐकू येतो. पालकांनी कधीही येऊन बाहेरच्या बाकावर बसावे आणि ऐकावे. सूर चुकला तर मात्र हसू नये, एवढे सांभाळावे.