‘एक-वीस’ म्हणजे अकरा!

‘एक-वीस’ म्हणजे किती? तुम्ही चटकन एकवीस म्हणाल. पण चीनच्या कान्सू प्रांतातील पश्चिम युगुर या तुर्की कुळातील भाषेत ‘एक-वीस’ म्हणजे ११ आणि ‘एक-तीस’ म्हणजे २१! दहा ओलांडले, की विसाच्या वाटेवरचे ते पहिले पाऊल, म्हणून ‘एक-वीस’. आपला एकोणीसही पुढच्या विसाकडेच पाहतो, पण तेथे वजाबाकी आहे: एकाने उणे वीस. युगुर रीतीत वजाबाकी मुळीच नाही.

ही रीत फार जुनी. मंगोलियातील इ. स. ७३२ च्या शिलालेखात राजपुत्र क्युल तेगिन मेंढीच्या वर्षी ‘यिती येगिर्मी’, म्हणजे ‘सात-वीस’ या दिवशी वारला, असे कोरले आहे. तो दिवस १७ वा. २७ वा वाचलात, तर दहा दिवस चुकलात!

तुर्कस्तानचे लोक आता ११ ला सरळ ‘दहा-एक’ म्हणतात. जुनी रीत टिकली ती पश्चिम युगुरमध्ये. ती बोलणारे उरलेत काही हजार, आणि मुले चिनीकडे वळत आहेत.

आता सांगा पाहू, ‘नऊ-तीस’ म्हणजे किती?