पुन्हा पुन्हा उभा राहिलेला संघ

प्रस्तावना

एखादी संस्था कशामुळे टिकते? इमारतीमुळे, पैशामुळे, कागदोपत्री नोंदणीमुळे, की तिला आपली मानणाऱ्या माणसांमुळे? रशियातील व्होल्गोग्राड शहराच्या ‘रोटोर’ या फुटबॉल संघाचा इतिहास वाचताना हा प्रश्न वारंवार समोर येतो. सुमारे शतकभराच्या वाटचालीत या संघाचे नाव अनेकदा बदलले. त्याचे मैदान युद्धात उद्ध्वस्त झाले आणि पुढे त्याचा परवानाही गेला. तरीही त्या शहरातील लोक आजही त्याला ‘आपला संघ’ म्हणतात. प्रस्तुत पाठात या संघाच्या वाटचालीचा परिचय करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
- एका क्रीडासंस्थेच्या इतिहासातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील;
- शहराचे जीवन आणि खेळ यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
- संस्थेच्या सातत्याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. कारखान्याचा संघ

व्होल्गा नदीच्या काठी वसलेल्या या शहराने तीन नावे धारण केली. १९२५ पर्यंत ते त्सारित्सिन होते, त्यानंतर स्टालिनग्राड झाले आणि १९६१ पासून व्होल्गोग्राड या नावाने ओळखले जाऊ लागले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथे ट्रॅक्टरचा प्रचंड कारखाना उभारला जात होता. १९३० मध्ये या कारखान्यातून पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. कारखान्याच्या कामगारांनी स्थापन केलेला फुटबॉल संघ हाच आजच्या रोटोरचा पूर्वज होय. क्लब आपले स्थापनावर्ष १९२९ मानतो.

सोव्हिएत काळात बहुतेक संघ कारखान्यांशी, सैन्याशी किंवा कामगारांच्या क्रीडामंडळांशी जोडलेले असत. त्यामुळे संघाच्या नावातच त्याचा आश्रयदाता दिसे. १९३० च्या दशकात स्टालिनग्राडचा संघ ‘ट्रॅक्टर’ या नावाने खेळू लागला. १९३८ मध्ये तो देशाच्या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि १९३९ मध्ये त्याने चौथे स्थान मिळवले. मॉस्कोच्या नामवंत संघांपुढे एका औद्योगिक शहराने मिळवलेले हे यश लहान नव्हते.

२. भग्नावशेषांतील सामना

१९४२ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या महायुद्धाची आग स्टालिनग्राडच्या वेशीवर येऊन ठेपली. २३ ऑगस्ट रोजी जर्मन विमानांनी शहरावर भीषण बॉम्बहल्ला केला. युद्धकाळात रणगाडे तयार करणारा ट्रॅक्टरचा कारखानाच पुढे रणभूमी बनला. त्याच्या एकेका दालनासाठी हातघाईची लढाई झाली. २ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मन फौजांची अखेरची तुकडी शरण आली, तेव्हा शहराचा बहुतांश भाग विटामातीचा ढिगारा झाला होता.

त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २ मे १९४३ रोजी या शहरात फुटबॉलचा सामना झाला. शहराच्या दक्षिणेकडील बेकेतोव्का भागाची हानी तुलनेने कमी झाली होती. तेथील ‘अझोत’ मैदान या सामन्यासाठी तयार करण्यात आले. एका बाजूला मॉस्कोचा बलाढ्य ‘स्पार्टाक’ संघ होता. दुसऱ्या बाजूला ‘दिनामो स्टालिनग्राड’ या नावाने उतरलेला स्थानिक संघ होता व त्यात प्रामुख्याने ट्रॅक्टरचेच खेळाडू होते. अलेक्सांद्र मोइसेयेव्ह याने केलेल्या एकमेव गोलच्या बळावर स्टालिनग्राडने सामना जिंकला.

या विजयासाठी ना लीगमधील गुण होते, ना चषक. मात्र ज्या शहरात राहायला घरे उरली नव्हती, तेथे माणसे पुन्हा एकत्र जमली आणि टाळ्या वाजवू लागली, ही बातमी मोलाची होती. शहर जिवंत आहे, हे त्या सामन्याने जगाला सांगितले. संघाचा हा पहिला पुनर्जन्म म्हणता येईल. १९४५ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा ट्रॅक्टरचा संघ सर्वोच्च श्रेणीत हजर होता.

> पाठगत प्रश्न १
> (अ) सोव्हिएत काळात संघांच्या नावांवरून कोणती माहिती मिळत असे?
> (आ) २ मे १९४३ च्या सामन्याचे महत्त्व गुणांपलीकडचे का होते?

३. नावे अनेक, संघ एक

१९४८ मध्ये संघाचे नाव ‘टॉर्पेडो’ झाले. १९५० नंतर सर्वोच्च श्रेणीचे दार त्याच्यासाठी जवळजवळ चार दशके बंद राहिले. या दीर्घ काळात तो पुन्हा ‘ट्रॅक्टर’ झाला. मग ‘स्ताल’ म्हणजे पोलाद, आणि पुढे शहरातील तोफांच्या कारखान्यावरून ‘बारिकादी’ अशी नावे त्याने घेतली. अखेर १९७५ मध्ये ‘रोटोर’ हे नाव आले. रोटोर म्हणजे यंत्रातील फिरता भाग. यंत्रांवर जगणाऱ्या शहराला हे नाव शोभून दिसले आणि ते कायम राहिले.

१९८९ च्या हंगामात रोटोर सर्वोच्च श्रेणीत परतला. सोव्हिएत संघराज्याच्या विघटनानंतर रशियाची स्वतंत्र लीग सुरू झाली आणि संघाचा सुवर्णकाळ उगवला. १९९३ मध्ये दुसरे, १९९६ मध्ये तिसरे आणि १९९७ मध्ये पुन्हा दुसरे स्थान त्याने पटकावले. ओलेग व्हेरेतेन्निकोव्ह हा आघाडीचा खेळाडू १९९५, १९९७ आणि १९९८ अशा तीन हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. १९९७ मध्ये विजेतेपद हाताशी आले होते. परंतु अखेरच्या सामन्यात घरच्याच मैदानावर स्पार्टाककडून ०–२ असा पराभव झाला आणि ते निसटले.

सप्टेंबर १९९५ मधील एक प्रसंग मात्र शहर विसरलेले नाही. यूएफा चषकात रोटोरची गाठ इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडशी पडली. व्होल्गोग्राडमधील सामना ०–० असा सुटला. मँचेस्टरमध्ये निदरगौस आणि व्हेरेतेन्निकोव्ह यांनी पूर्वार्धातच दोन गोल केले. युनायटेडच्या स्कोल्सने एक गोल परत केला. शेवटच्या क्षणी त्यांचा गोलरक्षक श्मायकेल स्वतः पुढे धावून आला आणि त्याने डोक्याने चेंडू मारून बरोबरी साधली. तरीही प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलांना अधिक महत्त्व देणाऱ्या तत्कालीन नियमामुळे रोटोर पुढच्या फेरीत गेला.

४. परवाना गेला, नाव उरले

सुवर्णकाळ टिकला नाही. पैशाचा ओघ आटत गेला. २००४ मध्ये रोटोर सर्वोच्च श्रेणीत तळाला राहिला आणि पुढील हंगामासाठी त्याला व्यावसायिक परवानाही मिळाला नाही. रणांगणावर न हरलेले नाव हिशेबाच्या वहीत हरले. तेव्हा क्लबच्या दुय्यम संघाने खालच्या श्रेणीत खेळून ते नाव जिवंत ठेवले.

रशियन फुटबॉलमध्ये अशी घटना विरळ नाही. प्रादेशिक सरकारचा निधी किंवा धनिकाचा आधार संपला, की पगार आणि देणी थकतात व संस्था कोसळते. मग नवी संस्था नोंदवली जाते आणि ती जुने नाव, रंग व बोधचिन्ह धारण करते. कायद्याच्या दृष्टीने ती नवी असते. चाहत्यांच्या दृष्टीने मात्र जुनाच संघ परत आलेला असतो.

रोटोरचा पुढचा प्रवासही चढउतारांचा ठरला. २०१० मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत आला आणि त्याच वर्षी घसरला. २०१२ मध्ये पुन्हा वर आला, २०१४ मध्ये पुन्हा खाली गेला. आर्थिक कोंडीमुळे संघाची बांधणी नव्याने करावी लागली. २०१७ मध्ये तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. २०२० मध्ये तब्बल सोळा वर्षांनी त्याने सर्वोच्च श्रेणीत पाऊल ठेवले. मात्र एकाच हंगामात त्याला ती सोडावी लागली. २०२२ मध्ये आणखी एक पायरी खाली उतरून २०२४ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत परतला.

संघाचे आजचे मैदान, ‘व्होल्गोग्राड अरीना’, मामायेव टेकडीच्या पायथ्याशी आहे. याच टेकडीवर स्टालिनग्राडच्या लढाईचे भव्य स्मारक उभे आहे. २०१८ च्या विश्वचषकासाठी जुने मैदान पाडून हे नवे बांधताना जमिनीतून युद्धकाळातील न फुटलेले बॉम्ब निघाले. ज्या मातीत चेंडू धावतो, तिच्या पोटात शहराचा इतिहास अजून दडलेला आहे.

व्होल्गेचे पाणी रोज नवे असते. तरी लोक तिला व्होल्गाच म्हणतात. रोटोरचे खेळाडू, मालक, नोंदणीक्रमांक सारे बदलले. बदलली नाही ती त्याची वाट पाहणाऱ्या माणसांची आठवण. संस्था कागदावर जन्मते हे खरे, पण कागद फाटल्यावर तिला पुन्हा उभे करणारी शक्ती माणसांच्या मनातच असते.

> पाठगत प्रश्न २
> (अ) ‘रणांगणावर न हरलेले नाव हिशेबाच्या वहीत हरले’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
> (आ) नव्याने नोंदवलेल्या संघाकडे कायदा आणि चाहते कोणत्या वेगवेगळ्या दृष्टींनी पाहतात?

शब्दार्थ

भग्नावशेष – पडझडीनंतर उरलेले अवशेष
हातघाईची लढाई – अगदी समोरासमोर, अंगाला भिडून झालेली लढाई
आश्रयदाता – आधार देणारा
बोधचिन्ह – संस्थेची ओळख दर्शवणारे चिन्ह
कोंडी – मार्ग अडणे, अडचण

स्वाध्याय

१. शहराची तीन नावे आणि संघाची बदलत गेलेली नावे यांचा तक्ता तयार करा.
२. पाठातील घटना कालक्रमानुसार मांडा: मँचेस्टरमधील सामना, संघाची स्थापना, परवाना गमावणे, बेकेतोव्कातील सामना.
३. ‘दार बंद राहणे’ आणि ‘वेशीवर येऊन ठेपणे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या परिसरातील बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या एखाद्या संस्थेविषयी – वाचनालय, तालीम, भजनी मंडळ किंवा क्रीडामंडळ – दहा ते बारा ओळी लिहा. ती पुन्हा कोणी व का सुरू केली, हे आवर्जून नमूद करा.