मुक्त आज्ञावली आणि तिच्या अटी : बुद्धिबळ इंजिनांच्या वादाचा धडा

बुद्धिबळ हा मूळचा भारतीय खेळ. चतुरंग या नावाने तो येथे रूढ झाला आणि येथूनच इराण, अरबस्तान या मार्गाने युरोपात पोहोचला. महाराष्ट्राने हा वारसा आवडीने जपला आहे. रोहिणी खाडिलकर यांनी १९८१ मध्ये आशियाई महिला अजिंक्यपद मिळविले आणि नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताब प्राप्त केला. आज बोरीवली, मुलुंड यांसारख्या मुंबईच्या उपनगरांत काय किंवा तालुक्याच्या गावी काय, बुद्धिबळ शिकणारा विद्यार्थी पटाइतकाच संगणकाचाही उपयोग करतो. आपली चाल बरोबर होती की चूक, हे तो संगणकातील 'इंजिना'ला विचारतो.

अशा इंजिनांपैकी जगात अग्रगण्य मानले जाणारे 'स्टॉकफिश' हे इंजिन कोणालाही विनामूल्य मिळते. जी साधने एकेकाळी बड्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेतच होती, ती आता शाळेतील जुन्या संगणकावरही चालतात. परंतु जी वस्तू फुकट मिळते ती कोणाच्याच मालकीची नसते काय? ती घेऊन, थोडी बदलून, नवे नाव देऊन विकता येते काय? या प्रश्नांवरून २०२१ आणि २०२२ या वर्षांत जर्मनीत एक महत्त्वाचा दावा उभा राहिला. खेळाच्या निमित्ताने निर्माण झालेला हा वाद शाळा, ग्रंथालये, पंचायती आणि शासकीय कार्यालये यांनाही उपयुक्त धडा देतो. म्हणून त्याचा थोडा तपशिलात विचार करणे उचित ठरेल.

मूळ आज्ञावली आणि परवाना

संगणकाला दिलेल्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. ती दोन रूपांत असते. एक रूप माणसाला वाचता, समजता आणि दुरुस्त करता येते. त्यास मूळ आज्ञावली किंवा सोर्स कोड म्हणतात. दुसरे रूप यंत्रासाठी तयार केलेले असते. ते चालविता येते, पण त्यात काय लिहिले आहे हे सहसा उलगडत नाही. बाजारातील बहुतेक आज्ञावली या दुसऱ्या रूपातच विकल्या जातात.

मुक्त स्रोत आज्ञावलीचा कर्ता मात्र मूळ रूपही सर्वांना देतो. याचा अर्थ तो आपला स्वामित्वहक्क सोडून देतो असा नव्हे. तो हक्क आपल्याकडे ठेवूनच तो इतरांना अटींसह परवानगी देतो. अशा परवान्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'जनरल पब्लिक लायसन्स', संक्षेपाने जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८९ मध्ये प्रथम तयार केला आणि त्याची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली. या परवान्यानुसार आज्ञावली वापरावी, अभ्यासावी, बदलावी, तिच्या प्रती वाटाव्यात. इतकेच नव्हे तर पैसे घेऊन विकाव्यात, यासही मुभा आहे. मात्र जो ती बदलून दुसऱ्याला देईल त्याने तोच परवाना पुढे द्यावा, मूळ आज्ञावली उपलब्ध करून द्यावी, मूळ कर्त्यांच्या हक्काची नोंद काढून टाकू नये आणि घेणाऱ्याला त्याचे हक्क कळवावेत, अशा अटी आहेत. एका आज्ञावलीच्या आधारे जी दुसरी तयार होते तिला साधित आज्ञावली म्हणता येईल. जीपीएलचा सारा भर या साधित आज्ञावलीवर आहे. आपल्याला जे मोकळेपणाने मिळाले ते पुढच्यालाही तसेच मिळावे, हे त्याचे सूत्र होय.

एका इंजिनाची वंशावळ

स्टॉकफिश हे स्वतःच एक साधित इंजिन आहे. नॉर्वेचे टोर्ड रोमस्टाड यांनी २००४ मध्ये 'ग्लाउरुंग' नावाचे इंजिन मूळ आज्ञावलीसह लोकांना खुले केले. इटलीचे मार्को कोस्टाल्बा यांनी त्यात सुधारणा करून २००८ मध्ये नवी आवृत्ती काढली. स्टॉकफिश म्हणजे सुकविलेला कॉड मासा. तो नॉर्वेत तयार होतो आणि इटलीत शिजविला जातो, म्हणून हे नाव. मूळ स्थान नावातच सांगून टाकण्याची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे फिनलंडचे योना कीस्की आणि स्वतः रोमस्टाड या कार्यात सहभागी झाले. २०१३ पासून स्वयंसेवक आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ चाचण्यांसाठी देऊ लागले. एखादा बदल सुचविला गेला की हे संगणक हजारो डाव आपसांत खेळतात आणि बदल खरोखर उपयुक्त ठरला तरच तो स्वीकारला जातो. जपानी बुद्धिबळासाठी, म्हणजे शोगीसाठी, यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडलेली न्यूरल नेटवर्कची पद्धतही २०२० च्या बाराव्या आवृत्तीत समाविष्ट झाली. निरनिराळ्या देशांतील शेकडो व्यक्तींचे श्रम या एका आज्ञावलीत एकत्र आले आहेत.

रिब्का प्रकरण

यापूर्वीचा एक वाद येथे सांगणे आवश्यक आहे. फ्रान्सचे फाब्यँ लेतुझे यांनी २००५ मध्ये 'फ्रूट' या इंजिनाची २.१ ही आवृत्ती जीपीएलखाली खुली केली. तिच्या आधारे 'टोगा' नावाचे इंजिन निघाले. त्याने आपले मूळ उघडपणे सांगितले आणि मूळ आज्ञावलीही दिली, म्हणून त्याविषयी तक्रार उद्भवली नाही. याच सुमारास वासिक राजलिच यांचे 'रिब्का' हे इंजिन पुढे आले आणि २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षे ते संगणक बुद्धिबळाचे विश्वविजेते ठरले. त्याची मूळ आज्ञावली गुप्त होती. इतर आज्ञावलीकारांनी यंत्ररूपातील रिब्काची फ्रूटशी तुलना करून साम्यस्थळे दाखविली. आंतरराष्ट्रीय संगणक खेळ संघटनेने चौकशी करून जून २०११ मध्ये रिब्काची ती पदे काढून घेतली. राजलिच यांनी आरोप नाकारला होता.

हा निर्णय न्यायालयाचा नव्हता. स्पर्धेत उतरणारे इंजिन स्वतःची निर्मिती असले पाहिजे, हा त्या संघटनेचा नियम होता आणि त्याचा भंग झाला असे तिने ठरविले. स्पर्धेचा नियम आणि देशाचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

म्युनिकमधील दावा

फेब्रुवारी २०२१ मध्ये हॅम्बुर्ग येथील चेसबेस या कंपनीने 'फॅट फ्रिट्झ २' हे इंजिन सुमारे १०० युरो किमतीस बाजारात आणले. स्टॉकफिशच्या विकासकांचा आक्षेप असा होता की, या इंजिनाचा चाली शोधणारा भाग जवळजवळ जसाच्या तसा स्टॉकफिशचा आहे. नवे आहे ते मुख्यत्वे निराळ्या रीतीने तयार केलेले नेटवर्क. तरीही ग्राहकाला ते नवीन इंजिन म्हणून दिले जाते. चेसबेसमार्फत विकले जाणारे 'हूडिनी ६' हे इंजिनही स्टॉकफिशवरूनच साधलेले असल्याचे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला हेच जवळपास विनामूल्य मिळू शकते, ते बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्कही आपल्याला आहे, ही गोष्ट ग्राहकाला कळविली गेली नाही, हा तक्रारीचा गाभा होता. विक्री केली म्हणून कोणी तक्रार केली नव्हती, कारण विक्रीस परवान्याचीच मान्यता आहे.

जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार अटींचा भंग करणाऱ्याचा परवाना संपुष्टात येतो. पहिल्याच वेळी चूक झाली असेल आणि सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर हक्क पुन्हा मिळतात. चेसबेसकडून वारंवार भंग झाला आहे, असे सांगून स्टॉकफिशने तिचा परवाना कायमचा रद्द झाल्याचे जुलै २०२१ मध्ये जाहीर केले. रोमस्टाड आणि स्टेफान निकोले या दोन विकासकांच्या नावे म्युनिकच्या न्यायालयात दावा दाखल झाला. या शहराची निवड अर्थपूर्ण होती. जीपीएलच्या अटी न्यायालयात बजावता येतात, असा महत्त्वाचा निर्णय तेथील न्यायालयाने २००४ मध्येच दिलेला होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. स्टॉकफिशचा अंतर्भाव असलेली उत्पादने एक वर्ष विकावयाची नाहीत, हे कंपनीने मान्य केले. त्यानंतर परवान्याचे पालन करून ती पुन्हा वितरित करण्याची मुभा तिला मिळाली. मुक्त आज्ञावलींच्या अटींचे पालन पाहण्यासाठी एक अधिकारी नेमावा आणि आपण वापरत असलेल्या मुक्त आज्ञावलींची माहिती जाहीर करावी, हेही ठरले. कंपनीला व्यवसायातून उठविणे हा हेतू नव्हता. तिने नियमाने वागावे एवढाच आग्रह होता, हे या तडजोडीवरून दिसते.

भारतीय कायद्यातील स्थिती

भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाने आज्ञावलीला संरक्षण मिळते. तिचा समावेश साहित्यकृतीत होतो. १९८४ आणि १९९४ च्या दुरुस्त्यांनी यासंबंधीच्या तरतुदी स्पष्ट झाल्या. आंतरराष्ट्रीय करारांमुळे परदेशी कर्त्यांच्या कृतींनाही येथे संरक्षण आहे. तेव्हा नॉर्वे किंवा इटलीतील आज्ञावलीकाराचा परवाना आपल्याला लागू नाही, असे समजणे चुकीचे ठरेल.

मात्र कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या अभिव्यक्तीला देतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे तत्त्व सुस्पष्ट केले. तो वाद एका नाटकाचा आणि चित्रपटाचा होता, परंतु तत्त्व येथेही लागू पडते. घोडा अडीच घरे चालतो, यावर कोणाचा हक्क नाही. चालींची झाडासारखी मांडणी करून निरुपयोगी फांद्या छाटण्याची पद्धतही सर्वांना खुली आहे. ती अभ्यासून स्वतःच्या शब्दांत नवी आज्ञावली लिहिणे हे अध्ययन होय. दुसऱ्याची लिहिलेली आज्ञावली उचलून तिच्यावरील नाव पुसणे हे अध्ययन नव्हे. कायदेशीरपणे मिळालेल्या आज्ञावलीचे कार्य न्याहाळून तिच्यामागील तत्त्वे शोधण्यास अधिनियमाचे कलम ५२ मुभा देते.

कार्यालयांनी आणि शाळांनी काय पाहावे

भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. देशातील अनेक ग्रंथालयांत वापरली जाणारी 'कोहा' ही आज्ञावलीही जीपीएलखालीच आहे. त्यामुळे हा विषय आता प्रत्येक कार्यालयाच्या दाराशी आला आहे. पुढील बाबींकडे लक्ष पुरविणे हिताचे होईल.

१. पुरवठादाराने देऊ केलेली आज्ञावली त्याची स्वतःची आहे की एखाद्या मुक्त आज्ञावलीवरून साधलेली आहे, हे लेखी विचारावे. साधलेली असेल तर त्यात कमीपणा नाही; पण पैसे आज्ञावलीचे घेतले जात आहेत की बसविणे, शिकविणे आणि देखभाल या सेवेचे, हे स्पष्ट व्हावे.

२. ज्या परवान्याने ती मिळाली त्याची प्रत आणि, परवान्यानुसार देय असल्यास, मूळ आज्ञावली दप्तरी ठेवावी. पुरवठादार बदलला तरी काम अडू नये, हा यामागील व्यावहारिक लाभ आहे.

३. बाहेरच्या व्यक्तीकडून नवी आज्ञावली करवून घेतली, तर केवळ पैसे दिल्याने तिचे स्वामित्व आपोआप संस्थेकडे येईल, असे गृहीत धरू नये. हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर कलम १९ नुसार ती पाच वर्षेच धरली जाते आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरतेच मानले जाते. करारातील एक ओळ राहून गेली तर पाच वर्षांनी संस्थेपुढे अडचण उभी राहू शकते.

४. जीपीएलखालील आज्ञावली केवळ आपल्या कार्यालयात बदलून वापरली, तर ती बाहेर प्रसिद्ध करण्याचे बंधन नाही. ती दुसऱ्या संस्थेला दिली की मात्र अटी लागू होतात.

५. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मूळ कर्त्याचा उल्लेख करण्याची सवय लावावी. प्रकल्पासाठी घेतलेली आज्ञावली कोठून घेतली आणि त्यात स्वतः काय बदलले, हे विद्यार्थ्याने पहिल्याच पानावर लिहावे.

समारोप

मुक्त आज्ञावलीमुळे विश्वविजेत्याला उपलब्ध असलेले साधन आदिवासी पाड्यावरील विद्यार्थ्यालाही विनामूल्य मिळू शकते. ही समानता केवळ औदार्यावर टिकलेली नाही. शेकडो लोकांनी आपले श्रम एका अटीवर दिले आहेत आणि ती अट पाळली जाते म्हणून ही साखळी अखंड आहे. मध्येच कोणी मूळ झाकून ठेवले तर नुकसान केवळ कर्त्यांचे होत नाही. जे त्याला विनामूल्य मिळाले असते त्यासाठी पैसे मोजणाऱ्या ग्राहकाचे आणि पुढे शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचेही होते. गावच्या विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे, पण तिला कुलूप लावण्याचा अधिकार कोणालाही नसावा, हा न्याय आपल्या ग्रामजीवनाला पटण्यासारखा आहे. सार्वजनिक पैशातून आज्ञावली घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने तिचे मूळ विचारले, नोंदविले आणि पुढे सांगितले, तर या नव्या सार्वजनिक ठेव्याचे रक्षण आपल्याकडूनही घडेल.