आरोग्यपच्चा : वनस्पतीचा गुण आणि ज्ञानाचे मोल

केरळच्या दक्षिण टोकाकडील अगस्त्यमलईच्या डोंगररांगांत काणी ही आदिवासी जमात राहते. डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांचे एक पथक तेथील वनस्पतींच्या पाहणीसाठी गेले होते. चढणीने शास्त्रज्ञ थकले. वाटाडे असलेले काणी तरुण मात्र अधूनमधून एक लहान फळ खात उत्साहाने चालत होते. ते फळ आरोग्यपच्चा या वनस्पतीचे होते. कोनफळाच्या कुळातील हे दुर्मिळ रोप ओढ्याकाठच्या दाट सावलीत वाढते.

शरीरात अन्नापासून ऊर्जा निर्माण होताना ‘मुक्त मूलके’ म्हणजे अत्यंत क्रियाशील कण तयार होतात. त्यांचे प्रमाण बेसुमार वाढल्यास पेशींना व त्यांतील डीएनएला इजा पोहोचते. या कणांना निष्प्रभ करणारी द्रव्ये म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये होत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशालेय अभ्यासात आरोग्यपच्चाच्या अर्कात हा गुण आढळून आला. अर्थात, परीक्षानळीत दिसलेला गुण म्हणजे रोगनिवारणाचा पुरावा नव्हे, हे ध्यानी ठेवणे इष्ट ठरेल.

पालोडे येथील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने या वनस्पतीची पाने, अश्वगंधा, पिंपळी व विष्णुक्रांता यांपासून ‘जीवनी’ हे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये कोइमतूरच्या एका औषध कंपनीला १० लाख रुपये शुल्क व विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन या अटींवर त्याच्या उत्पादनाचा परवाना देण्यात आला. या उत्पन्नाचा निम्मा वाटा काणी समाजासाठी ठरला व त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा विश्वस्त निधी नोंदविण्यात आला. मात्र मागणीबरोबर जंगलातील रोपे नष्ट होण्याची भीतीही निर्माण झाली आणि पाने गोळा करण्यास वनखात्याने हरकत घेतली. लाभाची वाटणी ठरली, तरी वनस्पतीचे संरक्षण व लागवड यांची तजवीज आधीच झाली पाहिजे, हा या अनुभवाचा धडा होय.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायत क्षेत्रात जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम होय. गावातील वैदू, वृद्ध स्त्रिया व गुराखी यांच्याजवळील माहिती त्यांच्या संमतीने नोंदवहीत उतरली, तर ते ज्ञान कोणाचे, हे पुढे सिद्ध करता येईल. जाणती पिढी हयात असेपर्यंतच हे काम होणे शक्य आहे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी त्यात पुढाकार घेणे अगत्याचे आहे.