संदेशाची भाषा कोणाची?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आई गेल्यावर एका परिचितांकडे प्लँचेटला बसलो होतो. शेताच्या वाटणीचा प्रश्न होता. वाटी सरकली, अक्षरं जुळली : 'प्रिय पुत्रा, शेत तुझ्याच नावे राहावे.' डोळे भरून आले. एकलहऱ्याला परतताना मात्र खटकलं. आई खान्देशची, जन्मभर अहिराणी बोलली. 'मन्हा बेटा' म्हणायची. 'पुत्र' कधीच नाही. मग हे बोललं कोण?

नागपूरचं 'शारदा' प्रकरण अनेकांना आठवत असेल. १९७४ पासून एक मराठी बाई मधूनमधून स्वतःला शारदा म्हणवत, बंगाली बोलत. तेव्हा त्यांना मराठी कळत नसे. डॉ. इयान स्टीव्हन्सन यांनी १९८४ च्या पुस्तकात त्याचा अभ्यास मांडला. पण त्या बाई आधी थोडं बंगाली शिकल्या होत्या, अशीही नोंद आहे. म्हणजे निराळी भाषा आली, एवढ्यानं निकाल लागत नाही.

श्रीगुरुचरित्रात सात रेषा ओलांडताच पतित वेद बोलू लागला. भस्म धुतलं जाताच सारं विसरला. ती वाणी त्याची नव्हती, गुरुकृपेची होती. आणि आली होती दोन विद्वानांचा गर्व उतरवायला. हीच खरी कसोटी : संदेशानं अहंकार उतरला, की आपली इच्छाच पुरी झाली?

माझ्या संदेशाची भाषा बँकेतल्या अर्जांची, म्हणजे माझीच होती. वाटीवर बोटही माझं होतं. धाकट्या भावाला निम्मं शेत दिलं. त्या रात्री शांत झोप लागली.

॥ श्रीगुरुदत्तात्रेयार्पणमस्तु ॥