आत्याबाई लेस्टरला उतरणार कुठे?

प्रश्न : आमची आत्या 71 वर्षांची आहे. तिचा नातू इंग्लंडात लेस्टरला शिकतो. जुलैत त्याचा पदवीदान समारंभ आहे आणि आजीने यावेच असा त्याचा हट्ट आहे. पण तो चार मुलांसोबत भाड्याच्या घरात राहतो, तिथे आजीची सोय होणार नाही. म्हणून जवळच 'बेड अँड ब्रेकफास्ट' घेतो म्हणतो. हे नक्की काय प्रकरण असते? धर्मशाळा की खानावळ? आत्या माळकरी आहे. अजूनही अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जाते, पण परक्याच्या घरात कशी राहील याचा आम्हाला घोर लागला आहे. येताना लंडनमधले बाबासाहेबांचे घर बघायचेही तिच्या मनात आहे. जागा निवडताना काय पाहावे?
– एक वाचक, केदारखेडा (ता. भोकरदन, जि. जालना)

उत्तर : आधी नावाची भीती काढून टाकू. कोकणात गेला असाल तर एखाद्या घरावर 'निवास व न्याहारी' अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या नावाची योजनाच चालवली. घरमालक त्याच घरात राहतो, दोन-चार खोल्या पाहुण्यांना देतो आणि सकाळी खाऊ घालतो. इंग्लंडातले बेड अँड ब्रेकफास्ट (थोडक्यात 'बी अँड बी') म्हणजे हेच. खोलीचे चोख भाडे घेतात म्हणून ती धर्मशाळा नव्हे. दुपारचे आणि रात्रीचे जेवण बहुधा मिळत नाही म्हणून खानावळही नव्हे. न्याहारी मात्र आपल्यासारखी नऊ वाजता शेतावर टोपलीतून येत नाही. ती ठरलेल्या वेळेत, साधारण साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान, खाली टेबलावर जाऊन खावी लागते.

परक्या घरमालकिणीच्या हातचे खाऊन दिवस काढणाऱ्या आत्याबाई काही पहिल्या नव्हेत. ज्या घराचे दर्शन त्यांना घ्यायचे आहे, ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे 10 क्रमांकाचे घर म्हणजे बाबासाहेबांची 1921-22 मधली भाड्याची जागा. महाराष्ट्र सरकारने ते 2015 मध्ये विकत घेतले. बाबासाहेबांच्या लंडनमधल्या घरमालकिणीची न्याहारी किती तुटपुंजी होती आणि रात्री भूक अनावर झाली की ते पापड भाजून कसे खात, हे धनंजय कीरांनी चरित्रात लिहून ठेवले आहे. आजच्या घरमालकिणी एवढ्या हात आखडणाऱ्या नसतात. उलट ताटात इतके वाढतात की म्हाताऱ्या माणसाला ते संपत नाही.

आता मुद्द्याचे. जागा निवडताना बहुतेक लोक दोन गोष्टी पाहतात: फोटो आणि न्याहारी. आत्याबाईंसारख्या पाहुण्यासाठी मला तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मध्यरात्र ते न्याहारी एवढा वेळ तिथे कसा जाईल. कारण साधे आहे. जुलैत लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आत्याबाई केदारखेड्यात पहाटे पाचला उठत असतील, तर पहिले काही दिवस त्यांना तिकडे रात्री साडेबारालाच टक्क जाग येणार. न्याहारी साडेसातला. म्हणजे सात तास त्या एकट्या जाग्या, घर झोपलेले, मालकीणही झोपलेली आणि नातू आपल्या खोलीवर. या सात तासांत त्यांना तीन गोष्टी लागतील: संडास, चहा आणि सुखरूप चालता येईल अशी जमीन. जागेची परीक्षा या तीन गोष्टींवर करावी.

चहाचे सोपे आहे. ब्रिटनमधल्या अशा खोल्यांत विजेची किटली, कप, चहाच्या पुड्या आणि दुधाची चिमुकली पाकिटे ठेवायची पद्धत जुनी आहे. तरीही विचारून घ्यावे. त्या पुडीचा चहा आत्याबाईंना चहा वाटणार नाही, म्हणून सुंठ-वेलदोड्याची डबी सोबत द्या.

संडासाचे जास्त नाजूक आहे. काही घरांत न्हाणीघर खोलीला जोडलेले असते, काही घरांत ते बोळाच्या टोकाला असते आणि दोन-तीन खोल्यांना मिळून एकच. दुसऱ्या प्रकारात भाडे कमी पडते, पण अंधारात अनोळखी बोळातून जाताना पाय घसरला तर ती बचत महागात पडेल. जोडलेले न्हाणीघर हवेच, यात तडजोड नको. ते आहे म्हटल्यावरही पुढचा प्रश्न विचारायचा: आत टब आहे की जमिनीलगतचा शॉवर? पुष्कळ ठिकाणी शॉवर टबातच असतो आणि टबाची कड गुडघ्याएवढी उंच. ओल्या पायाने ती ओलांडताना भली माणसे पडतात.

इथेच आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण त्या कुणी सांगत नाही. तिकडच्या न्हाणीघरात दिव्याचे बटण बहुधा आत भिंतीवर नसते. छतापासून एक दोरी लोंबत असते, ती ओढायची. पण अपंगांसाठी केलेल्या न्हाणीघरात आणखी एक लाल दोरी असते. ती मदतीच्या घंटेची. रात्री दोनला दिवा म्हणून लाल दोरी ओढली, तर सगळे घर दाराशी जमेल. दुसरे म्हणजे, टबाबाहेरच्या जमिनीला बहुधा मोरी नसते, काही ठिकाणी तर खाली गालिचाच असतो. आपल्यासारखे तांब्याने पाणी ओतून अंघोळ केली की ते खालच्या खोलीच्या छतातून ठिबकते. संडासात पाण्याची तोटीही नसते. प्लॅस्टिकचा छोटा तांब्या पेटीत ठेवा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता तिसरी गोष्ट, जमीन. 'आत्या राजूरला पायी जाते, जिन्याचे काय मोठे' असे तुम्ही मनात म्हणाल. इथे गैरसमज आहे. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर चालणे वेगळे आणि अरुंद, उभा, गालिचा घातलेला जिना उतरणे वेगळे. उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो आणि गालिच्यामुळे पायरीची कड नीट दिसत नाही. अशी घरे बऱ्याचदा शंभर-सव्वाशे वर्षांची, उंच आणि चिंचोळी असतात. त्यांत लिफ्ट क्वचितच. म्हणून मालकिणीला 'ग्राउंड फ्लोअर'ची खोली मागायची. ब्रिटनमध्ये आपल्यासारखाच तळमजला वेगळा आणि पहिला मजला त्याच्या वर. तळमजला म्हटला तरी रस्त्यापासून दारापर्यंत चार-पाच पायऱ्या असू शकतात. यावर उत्तम उपाय नातवाच्याच पायात आहे. तो त्याच गावात राहतो, तर पैसे भरण्याआधी त्याला तिथे जाऊन यायला सांगा. हातात जड बॅग घेऊन फुटपाथपासून पलंगापर्यंत चालायचे आणि पायऱ्या मोजायच्या. पलंगाची उंची आणि गादी किती खोल दबते, हेही बसून पाहायचे.

मग इंटरनेटवर दिसणाऱ्या ताऱ्यांचे काय? तारे स्वच्छता, आदरातिथ्य, न्याहारी यांचे असतात, गुडघ्यांचे नव्हेत. पाच तारे मिळवलेले घर तिसऱ्या मजल्यावरची खोली देऊ शकते. शिवाय हॉटेलचे तारे आणि अशा घरांचे तारे वेगवेगळ्या मापाने मोजतात, त्यांची तुलना करू नये. इंटरनेटवरून घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या नावातही गंमत आहे. 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भाडे भागवायला तरुणांनी घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले आणि न्याहारीही दिली, त्यातून ते नाव आले. आज त्यावरच्या बहुतेक घरांत न्याहारी मिळत नाही आणि पुष्कळदा मालकही तिथे राहत नाही. दाराला आकड्यांची कुलूपपेटी असते, तिच्यातली किल्ली काढून आपणच आत जायचे. तरुणांना हे सोयीचे आहे. पण इंग्रजी न येणाऱ्या एकट्या आजीसाठी घरात माणूस असणे हाच बी अँड बीचा खरा फायदा, आणि इथे नेमका तोच नसतो.

माळकरी म्हटल्यावर ताटाकडे वळावेच लागेल. पुरी इंग्लिश न्याहारी म्हणजे अंडी, डुकराच्या मांसाचे बेकन आणि सॉसेज, सोबत टोमॅटो, मशरूम, टोमॅटोच्या रसातल्या शेंगदाण्यांएवढ्या घेवड्याच्या बिया आणि टोस्ट. 'व्हेजिटेरियन' सांगितले की मांस जाते, पण अंडे राहते, कारण तिकडच्या शब्दात अंडे बसते. म्हणून अंडे नको हे निराळे सांगायला हवे. कुणी सुचवील की 'व्हिगन' म्हणा, म्हणजे प्रश्नच मिटला. मिटत नाही, कारण त्यात दूध, दही, लोणीही जाते आणि आत्याबाईंच्या चहात ओटचे दूध पडते. नेमके काय चालते ते नातवाने चार ओळींत लिहून आधीच पाठवावे: मांस, मासे, अंडे नाही, दूध, लोणी चालेल, तवा वेगळा असला तर बरे. सोय नसली तरी ओटची गरम लापशी, टोस्ट आणि फळे बहुतेक ठिकाणी मिळतात. जुलैत आषाढी एकादशी आलीच, तर केळी, दूध आणि उकडलेला बटाटा मागावा. बटाट्याची तळलेली चपटी वडी दिसायला उपासाची वाटते, पण ती कशासोबत तळली हे विचारण्यात सकाळ जाईल.

संध्याकाळच्या जेवणाच्या बाबतीत तुमचे नशीब जोरावर आहे, कारण गाव लेस्टर आहे. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती शाकाहारी भोजनालये, मिठाईची आणि किराण्याची दुकाने ओळीने आहेत. इदी अमीनने 1972 मध्ये युगांडातून आशियाई लोकांना हाकलले तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात 'आमच्याकडे येऊ नका' अशी जाहिरात दिली होती. लोक आलेच, आणि आज ते शहर आपल्या दिवाळीची जाहिरात करते. तेव्हा जागा शोधताना विद्यापीठाच्या दारातच हवी असा आग्रह धरू नका. समारंभ एका दिवसाचा असतो, भूक रोजची. बेलग्रेव्हकडून बसने जाता येईल अशी जागा चालेल. पदवीदानाच्या आठवड्यात सगळ्याच पालकांना खोल्या हव्या असतात, त्यामुळे विद्यापीठाजवळचे भाडेही चढलेले असते.

खोली मागताना 'डबल' आणि 'ट्विन' यांतला फरक नातवाला ठाऊक असेल, तुम्हीही लक्षात ठेवा. डबल म्हणजे एक मोठा पलंग, ट्विन म्हणजे दोन सुटे. माझा सल्ला असा की पहिल्या दोन रात्रींसाठी ट्विन घ्यावी आणि नातवाने आजीसोबतच झोपावे. मघाशी सांगितलेले सात तास त्यामुळे निम्मे सोपे होतात. तळमजला, जोडलेले न्हाणीघर आणि नीट शॉवर असे तिन्ही एका घरात मिळाले नाही, तर बी अँड बीचा नाद सोडून लिफ्ट असलेले साधे साखळी हॉटेल घ्यावे. तिथे कुणी 'झोप लागली का' असे विचारणार नाही, पण रात्रभर समोरच्या टेबलाशी माणूस असतो. लंडनच्या दोन दिवसांसाठी आणखी एक वाट आहे. बाबासाहेब जिथे शिकले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स उन्हाळी सुट्टीत आपल्या वसतिगृहांतल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते. तिथेही लिफ्ट आणि न्हाणीघर विचारूनच घ्यायचे, कारण विद्यार्थ्यांच्या सगळ्याच खोल्यांना ते जोडलेले नसते.

पैशाचे थोडक्यात. व्हिसा हातात येईपर्यंत, रद्द केल्यास पैसे परत मिळतील असेच आरक्षण करावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल. प्रवासविम्याला कात्री लावू नका, कारण पाहुण्याला तिथल्या सरकारी रुग्णालयात भरती व्हावे लागले तर भले मोठे बिल येते. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह द्या. विमानतळावर चाकाची खुर्ची हवी असेल तर विमान कंपनीला आधी कळवावे, तिचे पैसे पडत नाहीत.

खोलीत उदबत्ती लावायची नाही, हे आत्याबाईंना मात्र इथूनच नीट पटवून पाठवा. छतावरची धुराची घंटा देवाधर्माचे पाहत नाही. ती वाजली की पहाटे तीनला सगळे पाहुणे झोपेच्या कपड्यांत रस्त्यावर उभे राहतील. हात जोडून नाव घ्यायला हरकत नाही.

राहता राहिली शिदोरी. भारतातून दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून तुपाची बरणी आणि खवा घरीच ठेवा. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेता येईल. सुका ठेचाही चालेल, पण डबा उघडण्याआधी आत्याबाईंना खिडकी उघडायला सांगा. वरच्या मजल्यावरच्या गोऱ्या पाहुण्याला शिंका कशाने येतात ते कळणार नाही.