यंत्र दोन दिवसांत, गोंधळ महिनाभर

प्रश्न : सांगलीत आमचं किराणा दुकान आहे. संगणकावर बिलिंग सुरू करायचंय. विक्रेता म्हणतो, ‘दोन दिवसांत चालू करून देतो.’ पण ओळखीच्या एका दुकानात महिनाभर गोंधळ चालला होता. खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं आहे. संगणक, स्कॅनर, प्रिंटर जोडायला दोन दिवसही लागत नाहीत. वेळ खाते ती मालाची यादी.

बारकोडमध्ये किंमत असते, असं पुष्कळांना वाटतं. नसते. तिथे असतो फक्त १३ आकडी क्रमांक. सुरुवातीचे ८९० म्हणजे तो जीएस१ इंडिया या संस्थेने दिलेला, एवढंच. माल भारतातच बनला, असंही नाही. किंमत येते तुमच्या संगणकातून. गोची इथेच आहे. बिस्किटाचा जुना पुडा ४० रुपयांचा, नवा ४२चा, बारकोड मात्र तोच! एका बारकोडखाली दोन एमआरपी ठेवता आल्या नाहीत, तर जुन्या पुड्याला ४२ लागतील. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा, आणि गिऱ्हाईक तुटतं ते वेगळंच. पैसे देण्याआधी विक्रेत्याला एका बारकोडखाली दोन एमआरपी ठेवून दाखवायला सांगा.

कराचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ला साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. दर एचएसएन कोडला, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकाला, जोडलेला असेल तर काम एका रात्रीत उरकतं. वस्तूगणिक टाकला असेल तर अख्खी यादी उपसा.

रवा, पोहे, शेंगदाणे सुटे विकत असाल, तर लेबल छापणारा वजनकाटा घ्या. दुकानातल्या दुकानात वापरायचे असले बारकोड २ने सुरू होतात.

यादी विक्रेत्याच्या पोऱ्याकडून करून घेऊ नका. कुठला डबा कुठल्या फळीवर, हे ज्याला झोपेतही सांगता येतं, त्याला बसवा. आधी रोज हात लागतो त्या दोन-तीनशे वस्तू भरा, बाकीच्या मागाहून. शिल्लक मालाची मोजणी शटर खाली ओढल्यावरच. इंटरनेट बंद करून चार बिलं फाडून पाहा. पहिला आठवडाभर वहीही चालू राहू द्या.

आणि मुहूर्त दिवाळीच्या तोंडावर किंवा महिन्याच्या १ ते १० तारखेत काढू नका. तेव्हा पगार झालेले असतात, आणि गल्ल्यासमोर अख्ख्या महिन्याच्या याद्या घेऊन माणसं उभी असतात.